विचारलंत, तर ऐकावं लागेल : व्यवसायाच्या पानावरच्या पोलचा आढावा

पुरणपोळी दुधाबरोबर, तुपाबरोबर की कटाच्या आमटीबरोबर? होळीच्या आधीच्या आठवड्यात हा प्रश्न इन्स्टाग्रामवर चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. मिठाईवाले विचारतात, मसालेवाले विचारतात आणि पुरणपोळीशी काडीचा संबंध नसलेले विमा एजंट आणि जिमवालेही विचारतात. लोक हौसेने बोट लावतात, ‘गुळवणी कुठे गेली?’ म्हणून कोल्हापूर-सोलापूरकडचे भांडून घेतात, चोवीस तासांनी स्टोरी उडते आणि दुकान होतं तिथेच राहतं.

पोल टाकताना व्यावसायिकाच्या मनात साधारण दोन अपेक्षा असतात. लोकांनी मत दिलं की आपलं पान जास्त जणांपर्यंत पोचेल, ही पहिली. गिऱ्हाइकाला काय हवंय ते फुकटात कळेल, ही दुसरी. पहिली थोडीफार खरी आहे, दुसरी बरीचशी फसवी. याखेरीज पोलचा एक तिसरा उपयोग आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. नीट घेतलेला पोल गिऱ्हाइकाला व्यवसायाच्या निर्णयात वाटेकरी करून घेतो. आणि वाटेकरी केलं की त्याच्या मताला जागावं लागतं. पोलची सगळी ताकद आणि सगळा धोका इथेच आहे.

मतांचा बाजार जुनाच

गिऱ्हाइकाकडून मत मागण्याची चाल सोशल मीडियाच्या आधीची आहे. १९९५ साली अमेरिकेत मार्स कंपनीने ‘एम अँड एम्स’ या रंगीत चॉकलेट गोळ्यांसाठी लोकांना विचारलं : निळा, जांभळा, गुलाबी यांपैकी कोणता नवा रंग आणू, की आहेत तेच राहू देत? एक कोटीहून अधिक मतं आली, निळा जिंकला आणि जुना फिकट तपकिरी रंग पाकिटातून गेला. चवीत तसूभर फरक नव्हता. पण या मतदानात तीन गोष्टी पक्क्या होत्या. पर्याय कंपनीनेच निवडलेले होते, त्यातला कोणताही आला तरी ती तो अमलात आणू शकत होती आणि निकाल प्रत्येकाला पाकीट फोडताच दिसत होता. आजच्या बहुतेक पोलमध्ये या तिन्हींपैकी एक तरी गोष्ट नसते.

आपल्याकडे ही सवय लावली ती एसएमएसने. ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वात २००५ साली अभिजीत सावंत विजेता झाला तो लोकांच्या मतांवर, आणि पुढे मराठी वाहिन्यांवरच्या गाण्यांच्या स्पर्धांनीही घराघरात मोबाइल हातात घ्यायला लावले. २००७ मध्ये जगातल्या नव्या सात आश्चर्यांसाठी ताजमहालाला मत द्या, असा गजर देशभर झाला. संयोजकांनी दहा कोटींवर मतांचा दावा केला. युनेस्कोने मात्र या मोहिमेशी आपला संबंध नसल्याचं आधीच जाहीर केलं होतं. एकाच माणसाला पुन्हा पुन्हा मत देता येत असल्यामुळे तिथे लोकांची चिकाटी मोजली गेली, एवढंच फार तर म्हणता येतं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्विटरवर पोल आला. इन्स्टाग्रामच्या स्टोरीतलं पोलचं स्टिकर ऑक्टोबर २०१७ चं, टेलिग्रामचा पोल डिसेंबर २०१८ चा. लिंक्डइनने तो मे २०२० मध्ये परत आणला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हॉट्सअॅपवरही आला. आता मत देणाऱ्याला काही पडत नाही आणि मागणाऱ्यालाही काही पडत नाही. म्हणूनच विचारताना फारसा विचार होत नाही आणि उत्तर देतानाही होत नाही.

चार ठिकाणं, चार रिती

पोल सगळीकडे सारखाच दिसत असला तरी कोणाचं मत कोणाला दिसतं, हा नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे. उत्तर बरंचसं त्यावर ठरतं.

एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, मत पूर्ण गुप्त असतं. कोणी काय निवडलं ते पोल टाकणाऱ्यालाही कळत नाही. पर्याय जास्तीत जास्त चार, मुदत पाच मिनिटांपासून सात दिवसांपर्यंत आणि प्रत्येक पर्यायाला २५ अक्षरं. मराठीत काना-मात्राही वेगळी मोजली जाते, त्यामुळे या २५ अक्षरांत दोन-तीन शब्द जेमतेम बसतात. इन्स्टाग्रामच्या स्टोरीत बघणाऱ्यांना फक्त टक्के दिसतात, पण स्टोरीच्या मालकाला कोणी काय निवडलं त्याची नावानिशी यादी मिळते. लिंक्डइनवरही पोल टाकणाऱ्याला मतदार दिसतात. तिथे मुदत दोन आठवड्यांपर्यंत ठेवता येते.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर बारा पर्यायांपर्यंत सोय आहे, पण तिथे सगळ्यांची मतं सगळ्यांना दिसतात. याचा परिणाम काय होतो, ते एका कल्पित ग्रुपवर पाहू. सोसायटीत दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या ताईंनी पोल टाकला : ‘चकली भाजणीची करू की तांदळाची?’ पहिलं मत चेअरमनच्या पत्नीचं, भाजणीची. मग बी विंगमधल्या काकू, त्यांच्या मागोमाग त्यांची सून, मग भिशीच्या मैत्रिणी. तासाभरात भाजणी १६, तांदळाची २. ताई त्या हिशेबाने भाजणी दळून आणतात. आणि मग एकेकीचा वेगळा मेसेज यायला लागतो : ‘ताई, आमच्याकडे अर्धा किलो तांदळाचीच द्या हं, मुलांना भाजणीची तिखट लागते.’ यात खोटं कोणीच बोललं नाही. चारचौघांत हात वर करताना माणूस आधी शेजारच्याचा हात बघतो, इतकंच. असा प्रश्न ग्रुपवर न टाकता स्टोरीवर टाकला असता तर आकडे बहुधा वेगळे आले असते. व्हॉट्सअॅपच्या चॅनेलवरही जानेवारी २०२४ पासून पोल घेता येतो आणि तिथे फॉलोअर एकमेकांना दिसत नाहीत. गिऱ्हाईक शेजारीपाजारीच असेल तर ही सोय लाखमोलाची.

आता पहिल्या अपेक्षेकडे, म्हणजे रीचकडे. मत दिलं की अल्गोरिदमला हालचाल दिसते, हे खरं. पण कंपन्याही शहाण्या झाल्या आहेत. ‘हे आवडलं तर लाइक, ते आवडलं तर हार्ट’ छापाच्या पोस्ट मागे ढकलू, असं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं. लिंक्डइनवर ‘चहा की कॉफी’ छाप पोलचा इतका सुळसुळाट झाला, की २०२२ मध्ये कंपनीला ‘तुम्हाला पोल कमी दाखवू’ असं सांगावं लागलं. रीचसाठी टाकलेल्या पोलचं आयुष्य असं कमी कमी होत जातं.

मत दिल्याने गिऱ्हाइकात काय बदलतं

तिसऱ्या उपयोगाला संशोधनाचा चांगला आधार आहे. क्रिस्टोफ फुक्स, एमानुएला प्रांदेली आणि मार्टिन श्रायर यांनी २०१० साली ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये एक अभ्यास मांडला. कंपनीने कोणत्या वस्तू बाजारात आणाव्यात यासाठी ज्यांना मत देता आलं, त्यांच्याकडून त्या वस्तूंना जास्त मागणी आली. वस्तू तीच, पण ‘ही आपण निवडली’ ही भावना तिच्याभोवती तयार झाली होती. याच अभ्यासातल्या दोन अटी छोट्या व्यावसायिकाने भिंतीवर लिहून ठेवण्यासारख्या आहेत. निकाल आपल्या पसंतीपेक्षा वेगळा लागला तर हा परिणाम उरत नाही. आणि ‘यातलं आपल्याला काय कळतंय’ असं वाटत असेल तरीही उरत नाही.

पहिल्या अटीचा अर्थ असा, की ज्यांचा पर्याय हरला त्यांचं काय, याचा विचार पोल टाकायच्या आधी करायला हवा. दुसऱ्या अटीचा अर्थ, जे गिऱ्हाइकाला कळतं तेच त्याला विचारावं. कुर्तीचा रंग, दुकानाची वेळ, डब्यातली भाजी यावर प्रत्येकाचं मत असतं. धाग्याचा काउंट किंवा तेलाचा स्मोक पॉइंट यावर ते नसतं. तिथे विचारलं तर माणूस अंदाजाने ठोकून देतो आणि त्या निवडीशी त्याचं नातं जुळत नाही.

त्याआधीचा, १९९३ चा, विकी मॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांचा अभ्यासही इथे लागू पडतो. ‘तुम्ही गाडी घेणार आहात का?’ असं नुसतं विचारल्यानेच पुढे प्रत्यक्ष खरेदीचं प्रमाण वाढलं, असं त्यांना आढळलं. मात्र ज्यांचा घेण्याचा इरादा मुळात कमी होता, त्यांना पुन्हा पुन्हा विचारल्यावर खरेदीची शक्यता उलट घटली. रोज सकाळी पोल टाकणाऱ्या पानांनी हा दुसरा निष्कर्ष मनावर घ्यायला हरकत नाही.

टक्केवारी काय सांगत नाही

१९३६ साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांच्या जोरावर साप्ताहिकाने आल्फ लँडन जिंकणार असं भाकीत केलं. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान, पण नीट निवडलेल्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे या गोष्टी होत्या त्यांचीच मतं जास्त आली, त्यातही ज्यांना उत्तर पाठवण्याची खुमखुमी होती त्यांचीच.

व्यवसायाच्या पानावरचा पोल याच जातीचा असतो. त्यात फॉलोअर आहेत, गिऱ्हाईक असेलच असं नाही. पुण्यातल्या केकवाल्या पानाचे निम्मे फॉलोअर नागपूर, नाशिक आणि न्यू जर्सीत असू शकतात. ते मत देतील, केक मात्र घेणार नाहीत. त्याच केकवाल्याकडून दर वाढदिवसाला केक नेणारे आजोबा इन्स्टाग्रामवर नाहीतच. सर्वेक्षणांत ४०० माणसांच्या नमुन्याला पाच टक्के इकडेतिकडे अशी चूक धरतात, पण ती सवलत यदृच्छेने निवडलेल्या नमुन्याला आहे. आपणहून आलेली चार हजार मतंही ती मागू शकत नाहीत.

लहान आकड्यांची गंमत आणखी वेगळी. स्क्रीनवर ५५ विरुद्ध ४५ टक्के दिसलं की कौल स्पष्ट वाटतो. एकूण मतं ४२ असतील तर याचा अर्थ २३ विरुद्ध १९. दोन जणांनी मत बदललं असतं तर बरोबरी झाली असती. त्यात एक मत मालकाच्या भावाचं आणि एक प्रतिस्पर्धी दुकानाचं असतं, हेही गृहीत धरावं. म्हणून टक्के बाजूला ठेवून आधी माणसं मोजावीत.

आणि प्रश्नच चुकला तर आकडा कितीही मोठा असून उपयोग नाही. १९८५ मध्ये कोका-कोलाने नवी चव आणण्याआधी सुमारे दोन लाख लोकांच्या चवचाचण्या घेतल्या आणि लोकांना नवी चव जास्त आवडली. ती बाजारात आणून जुनी बंद केल्यावर असा गदारोळ झाला, की ७९ दिवसांत जुनी परत आणावी लागली. ‘कोणती चव आवडते?’ याचं उत्तर बरोबर होतं. ‘जुनी मिळेनाशी झाली तर चालेल का?’ याचं उत्तर वेगळं होतं आणि निर्णय त्यावर अवलंबून होता.

प्रश्न टाकण्याआधी

चांगल्या प्रश्नाची कसोटी एकच : यातला कोणताही पर्याय जिंकला तर उद्या माझ्या कामात काही बदलणार आहे का? आंबेवाल्याने ‘हापूस आवडतो का?’ विचारलं तर शंभरातले नव्व्याण्णव हो म्हणतील आणि त्याच्या हाती काही लागणार नाही. ‘पेटी चार डझनांची हवी की दोन डझनांची?’ हा प्रश्न मात्र खोकी किती मागवायची ते ठरवतो. ‘आमची सेवा कशी वाटते?’ यापेक्षा ‘रविवारी दुकान सकाळी उघडू की संध्याकाळी?’ हा प्रश्न शंभर पटींनी कामाचा.

प्रश्न लिहिताना नेहमीच्या चुका तीन. पहिली, एका प्रश्नात दोन प्रश्न. ‘डबा वेळेवर आणि गरम मिळतो का?’ याला वेळेवर पण गार डबा मिळणाऱ्याने काय उत्तर द्यावं? दुसरी, उत्तर आधीच कानात सांगणं. ‘आपला झणझणीत वडापाव की तो परदेशी बर्गर?’ हा प्रश्न नव्हे, घोषणा आहे. तिसरी, सगळी दारं बंद ठेवणं. ज्याला दोन्ही नको त्याला ‘यांपैकी काही नाही’ हा पर्याय हवा. एक्सवर तर मत दिल्याशिवाय चालू निकाल दिसत नाही, त्यामुळे निव्वळ उत्सुकतेपोटी कशालाही बोट लावणारे बरेच. ‘मला फक्त निकाल बघायचाय’ असा शेवटचा पर्याय ठेवला की हे लोक बाजूला निघतात आणि उरलेल्या मतांवर थोडा विश्वास ठेवता येतो.

फोटोंचा पोल असेल तर डोळे आणखी उघडे ठेवायला हवेत. दोन पैठण्यांत निवड करायला सांगितली, एकीचा फोटो दुपारच्या उन्हात गॅलरीत काढलेला आणि दुसरीचा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली. पहिलीचे काठ झळाळतात, दुसरीची जर काळपट दिसते. लोक फोटोला मत देतात आणि मालक त्या रंगाच्या दहा साड्या विणायला सांगतो. एकच जागा, एकच उजेड, एकसारखी घडी, एवढं सांभाळलं तरच साडीची साडीशी तुलना होते. वरच्या पर्यायाला थोडा जास्त कल मिळतो, हेही सर्वेक्षण करणाऱ्यांना ठाऊक असतं. पर्यायांची अदलाबदल करून काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा टाकला तर ही शंका फिटते.

अंगावर आलेले पोल

२०१६ मध्ये ब्रिटनच्या नैसर्गिक पर्यावरण संशोधन परिषदेने नव्या ध्रुवीय संशोधन जहाजासाठी नाव सुचवा, असं लोकांना ऑनलाइन आवाहन केलं. ‘बोटी मॅकबोटफेस’ या टवाळ नावाला १ लाख २४ हजारांवर मतं पडली. अंतिम निर्णय परिषदेचाच असेल, हे आधी सांगितलेलं होतं. जहाजाला सर डेव्हिड अॅटनबरो यांचं नाव मिळालं आणि विजेतं नाव जहाजावरच्या पाण्याखालच्या यंत्राला दिलं गेलं. लोक हसले, चिडले, पण गंमत वाया गेली नाही. मोकळा प्रश्न टाकला की मोकाट उत्तर येतं, हा यातला पहिला धडा. दुसरा असा, की निकाल पाळता येत नसेल तर निदान त्याची दखल तरी घ्यावी.

इलॉन मस्क यांच्या पोलची गोष्ट जास्त बोलकी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी ‘टेस्लामधले माझे दहा टक्के शेअर विकू का?’ असं ट्विटरवर विचारलं. ३५ लाखांहून अधिक मतं आली, ५७.९ टक्के लोक हो म्हणाले, टेस्लाचा शेअर घसरला आणि मस्क यांनी विक्रीही केली. काही शेअर विकण्याची योजना सप्टेंबरमध्येच ठरलेली होती, हे नंतर कागदपत्रांतून उघड झालं. डिसेंबर २०२२ मध्ये ‘ट्विटरचं प्रमुखपद सोडू का? निकाल पाळीन,’ असा पोल त्यांनी टाकला. पावणेदोन कोटींच्या आसपास मतांत ५७.५ टक्क्यांनी हो म्हटलं. नव्या मुख्याधिकारी कामावर आल्या त्या जून २०२३ मध्ये. आधीच ठरलेल्या गोष्टीला लोकांचा शिक्का मारून घेतला, तर पुढच्या खऱ्या प्रश्नालाही लोक तमाशाच समजतात.

तिसरा प्रकार भान सुटल्याचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बातम्यांच्या सेवेत ‘गार्डियन’च्या एका बातमीशेजारी यंत्राने आपोआप पोल लावला. बातमी एका तरुणीच्या मृत्यूची, आणि पोलमध्ये वाचकांनी मृत्यूचं कारण ओळखायचं होतं. वृत्तपत्राने जाहीर तक्रार केली आणि मायक्रोसॉफ्टने बातम्यांवरचे असे पोल थांबवले. हाताने पोल टाकणाऱ्यांनाही हे लागू आहे. शहरात दुर्घटना झालेल्या दिवशी आधी ठरवून ठेवलेला ‘आज काय खाणार?’ हा पोल थांबवणं, इतकं तरी कोणाकडे तरी सोपवलेलं असावं.

निकाल लागल्यावर

बहुतेक पोल इथेच मरतात. निकाल कोणी सांगत नाही, मतदारांना काय झालं ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी नवा पोल हजर. काउंटरवरून ‘काय देऊ?’ विचारून दुकानदार आत निघून जावा, तशातली ही गत. गिऱ्हाईक एकदा थांबेल, दुसऱ्यांदा थांबणार नाही.

करण्यासारखं फार नसतं. निकालाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी टाकावा. निर्णय काय घेतला आणि तो कधीपासून, ते एका वाक्यात सांगावं. निकाल पाळता येत नसेल तर कारण मोकळेपणाने द्यावं : ‘जांभळ्या रंगाला जास्त मतं होती, पण त्याचा धागा या महिन्यात मिळत नाही, पाडव्यानंतर आणू.’ हरलेल्या पर्यायासाठी थोडी जागा ठेवावी. तांदळाची चकली दोन किलो केली तर भाजणीचं काही बिघडत नाही. शिवाय एका साध्या वहीत पोलचा निकाल आणि त्यानंतरची प्रत्यक्ष विक्री शेजारी शेजारी लिहावी. तीन-चार सणांत आपले फॉलोअर बोलतात एक आणि घेतात दुसरं असं कुठे होतं, ते दिसायला लागतं. ही माहिती कुठलंही अॅप देत नाही.

इन्स्टाग्रामवर कोणी काय निवडलं ते दिसतं, म्हणून त्या सगळ्यांना लगेच जाहिरातीचे मेसेज पाठवण्याचा मोह होतो. गमतीने बोट लावलेल्याला ‘तुम्ही लाल निवडलात, घ्या ना!’ असा मेसेज गेला की पुढच्या वेळी तो मतच देत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे : माहिती ज्या कामासाठी दिली, त्याच कामासाठी वापरा. निवडणुकीच्या दिवसांत गंमत म्हणूनही ‘तुम्ही कोणाला मत दिलंत?’ असा पोल टाकू नये. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ प्रमाणे निवडणूक आयोगाने ठरवलेल्या काळात मतदानोत्तर चाचणी घेणं आणि तिचे निकाल प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

एवढं सगळं पाहिल्यावर सल्ला उरतो तो थोडक्यात. गमतीचा पोल अधूनमधून टाकायला कोणाची ना नाही. पुरणपोळीवर भांडण्यातही मजा आहे आणि पानावर थोडी वर्दळ होते. पण त्याला बाजारपेठेचा कौल समजू नये. महिन्याकाठी एखादा असा प्रश्न विचारावा, ज्याच्या उत्तराने माल, वेळ किंवा दर यांपैकी काहीतरी खरोखर बदलेल, आणि बदललं की ते मत देणाऱ्यांना दाखवावं. मागवायचा माल मात्र पोलपेक्षा आगाऊ नोंदणीवर ठरवावा. शंभर जणांच्या ‘हो’पेक्षा दहा जणांनी भरलेली आगाऊ रक्कम जास्त खरं बोलते.